‘आमच्या वेळी’ कोण कोण होतं?

बाळंतीण दोन रात्री सलग झोप नाही म्हणून कुरकुरली, पाजताना दुखतं म्हणाली किंवा दिवेलागणीला उगाचच रडायला लागली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती.’ म्हणणारी व्यक्ती बहुधा प्रेमळच असते. तिला सुनेला दुखवायचं नसतं. थोडा धीर द्यायचा असतो आणि थोडी आपल्या कष्टांची आठवणही करून द्यायची असते. पण हे वाक्य आता घरापुरतं राहिलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत, ऑफिसातल्या डब्याच्या वेळी, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्याचा एक अख्खा सिद्धान्त झाला आहे. तो असा की मूल होणं ही निसर्गाची गोष्ट आहे आणि बायका ती पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं काढली, तीही चूल, विहीर आणि धुण्याचा दगड सांभाळून. आजच्या मुलीकडे गॅस आहे, वॉशिंग मशीन आहे, डायपर आहेत, सहा महिन्यांची भरपगारी रजा आहे, आणि तरी ती दमते. म्हणजे कमी पडते ती तिची सोसायची ताकद. हा सिद्धान्त खोडायला हवा, आणि त्यासाठी गळा काढायची गरज नाही, हिशेब पुरतो. माझं म्हणणं असं आहे की तान्ह्या बाळाचं करणं हे एकट्या बाईचं काम कधीच नव्हतं. पूर्वी त्याला बरेच हात लागत. ते हात एकेक करून घरातून गेले, आणि त्यांच्या रिकाम्या जागा आईच्या सोशिकपणाने भरून निघाव्यात अशी अपेक्षा मात्र आपण ठेवली.

आधी हे काम म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण ‘दिवसभर घरीच तर असते’ हे वाक्य बोलणाऱ्याला ते माहीत नसतं, किंवा माहीत असून विसरलेलं असतं. जन्मलेलं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. एका वेळेला अर्धा तास धरला आणि दहा वेळा धरलं, तरी पाच तास झाले. आणि हा झाला नुसता पाजण्याचा वेळ. ढेकर काढणं, बाळाने ओकलेलं पुसणं, दुपटं बदलणं, शी-शू, पुन्हा थोपटून झोपवणं हे त्याच्यावर. बाळ एकूण चौदा ते सतरा तास झोपतं हे खरंच आहे, आणि बाहेरच्या माणसाला दिसतं ते हेच. पण ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे बाळाच्या शरीराला कळायलाच दोन-तीन महिने लागतात. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण बाळ झोपतं तेव्हाच तर आंघोळ, जेवण, लंगोट वाळत घालणं आणि भेटायला आलेल्यांचा चहा उरकायचा असतो. हे सगळं करणारं शरीर स्वतःही बरं होत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सुमारे चौथा हिस्सा बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं आढळलं. पोटावरच्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आपण माणसाला विश्रांती घ्यायला सांगतो. या एका शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी रुग्णाच्या कुशीत बाळ देतो आणि रात्री दर दोन तासांनी उठायला सांगतो. शिवाय दूध तयार व्हायला शरीराला इंधन लागतं. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईने रोजच्या आहाराखेरीज सुमारे सहाशे उष्मांक जास्त घ्यावेत, असं आपल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं आहे. ते अन्न कुणीतरी रांधून, ताटात वाढून, वेळेवर समोर आणून ठेवलं तरच पोटात जातं.

आता भूतकाळाकडे. ‘आमच्या वेळी बायकांना काही होत नव्हतं’ हे विधान ज्यांना काही झालं नाही त्यांनी केलेलं आहे. ज्यांना झालं त्या हे सांगायला उरल्या नाहीत. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली आलेल्या, देशाच्या आरोग्याविषयीच्या भोर समितीच्या अहवालात देशातल्या मातामृत्यूंचा अंदाज दर हजार जन्मांमागे २० असा आहे. एका बाईची सहा बाळंतपणं धरली, तर साधारण दर नऊ बायकांत एक बाळंतपणात जायची असा त्याचा अर्थ होतो. त्याच अहवालात १९३७ सालचा अर्भकमृत्यूचा आकडा हजारी १६२ आहे, म्हणजे वर्षाचं व्हायच्या आत दर सहा बाळांपैकी एक जात होतं. आठ-दहा बाळंतपणांचा अभिमानाने उल्लेख करताना त्यांतली किती मुलं जगली हे सहसा सांगितलं जात नाही. आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या त्याच्या आधी, चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत दगावलं होतं. पुढे १८८६ साली पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते. भोर समितीचा अंदाज लाखाच्या हिशेबात मांडला तर २००० होतो. हा फरक बायका कणखर झाल्यामुळे पडलेला नाही. दवाखाने, रक्तपेढ्या, प्रतिजैविकं आणि लग्नाचं वाढलेलं वय यांनी तो पडला.

बरं, ज्या जगल्या त्यांना तरी काही झालं नव्हतं का? याचंही उत्तर आपल्याकडे आहे, आणि ते महाराष्ट्रातूनच आलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक आजार निघाला. एकूण बायकांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची त्याआधी कधी तशी तपासणी झालेली होती. त्या बायका रानात जात होत्या, पाणी भरत होत्या, मुलं वाढवत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांना काहीच होत नव्हतं. अंग बाहेर येणं, पांढरं जाणं, कंबर धरणं हे सगळं ‘बाईच्या जातीला असतंच’ या सदरात जमा होत होतं. कुणी विचारलं नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत म्हणून दुखत नव्हतं, असं आपण धरून चाललो. आजची बाळंतीण बोलते एवढाच तिच्यात आणि आजीत फरक असेल, तर तो नाजूकपणाचा पुरावा कसा काय होतो?

मात्र एका बाबतीत जुनी माणसं आपल्यापेक्षा शहाणी होती, आणि नेमकी तीच बाब ‘आमच्या वेळी’वाले विसरतात. बाळंतिणीला एकटीला हे झेपणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, कारण तिथे तिच्या हाताला कामं कमी. सोयराचे दहा दिवस तिने कशाला शिवायचं नाही. कारण विटाळाचं दिलेलं असलं तरी तेवढे दिवस चुलीपासून सुटका. सव्वा महिना शेक-शेगडी, रोज अंगाला तेल, कुणीतरी पाणी तापवून आंघोळ घालायला, बाळाची टाळू भरायला, वावडिंग-ओव्याची धुरी द्यायला; डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा. यांतलं प्रत्येक काम दुसरं कुणीतरी करत असे. लाडवात औषधी गुण किती आणि धुरीने बाळाच्या छातीचं भलं होतं की नुकसान, हा वेगळा वाद आहे, आणि त्यात मी डॉक्टरांच्या बाजूने आहे: अंधारी खोली, कोंडलेला धूर, बाळंतिणीला पाणी कमी देणं, चिकाचं दूध पिळून टाकणं यांतलं काहीच परत आणण्यासारखं नाही. पण लाडू वळायला एक माणूस लागतं, तेल चोळायला एक लागतं, आणि ती सव्वा महिना घरात असत, हे त्या व्यवस्थेचं खरं बळ होतं.

ती माणसं कोण होती, हा प्रश्न विचारला की मात्र एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनीही थोडं थांबायला हवं. पांढरपेशा घरात बहुतेकदा ती एखादी विधवा आत्या किंवा मावशी असे, जिला दुसरं घर नव्हतं आणि जिच्या राबण्याला कुणी राबणं म्हणत नसे. मोठी मुलगी असे; धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसायचं म्हणून तिची शाळा सुटलेली असे. सुईण असे, जिला नाळ कापायला घरात घ्यायचं आणि काम झालं की पुन्हा उंबऱ्याबाहेर उभं करायचं. स्वतःचं अंग मोडलेलं असतानाही हक्काने हाक मारता येईल अशी जाऊ असे. हे हात स्वखुशीचे क्वचितच होते. त्यांना पर्याय नव्हता म्हणून ते मिळत होते. आज ती विधवा बाई स्वतःच्या पेन्शनवर स्वतःच्या घरात राहते, ती मुलगी कॉलेजात जाते आणि जावेला नोकरी आहे. चांगलंच झालं. तेव्हा जुनी व्यवस्था परत आणा, असं म्हणण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण ती गेली हे कबूल केलं, की तिच्या जागी काय आलं हे विचारावंच लागतं, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर ‘फारसं काही नाही’ असं आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नियम तेवढे शिल्लक राहिले. गार पाणी पिऊ नको, वाऱ्याला बसू नको, कानाला बांध, हे सांगायला व्हिडिओ कॉलवर चार जणी आहेत. बाळाला तासभर धरायला मात्र कुणी नाही.

याचा परिणाम मोजता येतो. तान्ह्या बाळाचं रडणं जन्मापासून हळूहळू वाढत जातं आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ऐंशी निरोगी बाळांच्या नोंदींवरून हे दाखवलं. त्या टप्प्यावर दिवसाकाठी पावणेतीन तासांच्या आसपास रडणं अगदी धडधाकट बाळातही दिसतं. आता आपली पंचांगं यावर ठेवून पाहा. सव्वा महिना चाळीस दिवसांच्या आतबाहेर संपतो. पुष्कळ घरांत तेव्हाच बाळबाळंतीण सासरी येते, आई परत जाते, मालिशवालीचे दिवस भरतात. बाळंतिणीला कामाला लावू नये ही कायद्यातली बंदीही सहाच आठवड्यांची. नवजात बाळासाठी आशाताईंच्या घरभेटी ४२व्या दिवशी संपतात. पुढची भेट एकदम तिसऱ्या महिन्यात. डॉक्टरांची ‘सगळं ठीक आहे’ ही तपासणीही त्याच सुमाराची. म्हणजे ज्या आठवड्यात बाळ सर्वांत जास्त रडतं, त्याच आठवड्यात घर, परंपरा, कायदा आणि आरोग्यखातं असे चौघेही मिळून बाईला सांगतात की आता तू मोकळी. आणि याच टप्प्यावर गोव्यात काय सापडलं? डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायका नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यातलं प्रमाणही २२ टक्के निघालं. गोव्याच्या अभ्यासात कोणत्या बायकांना जास्त धोका होता हेही पाहिलं गेलं: पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं, घरात मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. या यादीत ‘मोबाईल फार पाहते’ किंवा ‘लाडात वाढली’ असं काही नाही. आजार तिच्या डोक्यात उगवतो खरा, पण त्याची मुळं तिच्या भोवतालच्या माणसांत आहेत.

यंत्रांचा आक्षेप थोडक्यात उरकता येईल. मशीन कपडे धुतं, बाळाला धरत नाही. गॅसने चुलीचा धूर आणि सरपणाची पायपीट वाचवली, ही मोठीच गोष्ट. पण पाजणं, ढेकर काढणं, थोपटणं आणि रात्री जागणं ही चारही कामं माणसाशिवाय उरकणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. उलट अपेक्षा वाढल्या. वजनाचा तक्ता, लसीकरणाच्या तारखा, सहा महिने फक्त आईचं दूध, पोटावर पालथं घालण्याचा वेळ, बाळाशी बोलण्याचा वेळ. यांतल्या बहुतेक गोष्टी योग्यच आहेत; त्यांच्यामुळेही अर्भकमृत्यूचे ते हजारी १६२ खाली आले. पण त्या सगळ्या एकाच माणसाच्या नावावर टाकल्या आहेत.

खरा तगडा आक्षेप निराळा आहे. हे सगळे शहरी, सुखवस्तू बायकांचे चोचले आहेत. शेतमजूर बाई सकाळी बाळंत होते आणि आठवड्यात खुरपं हातात घेते, तिला कुठे नैराश्य येतं, असं म्हटलं जातं. म्हणणाऱ्याला यातून गरीब बाईचं कौतुक करायचं असतं. पण ती लवकर कामाला जाते ते तिचं शरीर वेगळ्या मातीचं आहे म्हणून नव्हे. न गेली तर मजुरी बुडते म्हणून. ऊसतोडीच्या फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि एकाने दिवस चुकवला तरी मुकादम खाडा कापतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणाची चौकशी करायला २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळी, दुखणं, बाळंतपण या कशालाच सुट्टी नसलेल्या शरीराचं पुढे काय होतं, ते या आकड्यात आहे. त्या बाईचं उदाहरण देऊन शहरातल्या बाईला गप्प बसवणं म्हणजे एकीच्या सक्तीचा वापर दुसरीवर चाबूक म्हणून करणं. आणि नैराश्य गरिबीत येत नाही हे तर सरळ खोटं आहे. गोव्याच्या अभ्यासात पैशांची चणचण हा एक ठळक धोका होता.

मग निसर्गाचा मुद्दा येतो. दूध आईलाच येतं, ओढ तिलाच असते, बाप बिचारा काय करणार? माणसाच्या बाबतीत निसर्ग काय सांगतो ते निसर्गाचाच अभ्यास करणाऱ्यांना विचारलेलं बरं. सारा ब्लॅफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ‘मदर्स अँड अदर्स’ (२००९) या पुस्तकात मांडलं आहे की चिंपांझीची आई आपलं पिल्लू महिनोन्‌महिने दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. माणसाची आई मात्र पहिल्या दिवसापासून देते. एवढं हळू वाढणारं, एवढं महागडं बाळ एकट्या आईने वाढवणं माणसाच्या जातीला परवडलंच नसतं. आज्या, मावश्या, भावंडं आणि बाप यांनी मिळून ते वाढवलं म्हणून आपण आहोत. बापाच्या ‘उपजत’ अंगाबद्दलही थोडी माहिती आहे. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात सहाशेहून अधिक पुरुषांचा काही वर्षं पाठपुरावा करून २०११ साली निष्कर्ष मांडले गेले. बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, आणि जे रोज तीन तास किंवा त्याहून जास्त मुलाचं करतात त्यांच्यात ते सर्वांत कमी असतं. म्हणजे मुलाला हाताळताना बापाचं शरीरही बदलतं. फक्त त्याने हाताळलं पाहिजे. दूध त्याला येत नाही हे मान्य. पण रात्री पाजायला बाळ उचलून देणं, पाजून झाल्यावर ढेकर काढून झोपवणं, लंगोट बदलणं, आईच्या हातात पाण्याचा तांब्या देणं, भेटायला येणाऱ्यांना दारातूनच ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणं यांतल्या कशालाही स्तन लागत नाहीत. तरी हे होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. त्यातही हे काम करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटं २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटं. पण त्याच काळात पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आली, तेव्हा ही दहा मिनिटं नवऱ्याने उचलली असं म्हणायची सोय नाही.

असं बोलून तुम्ही मुलींना घाबरवता, मग त्या मूलच नको म्हणतात, असंही ऐकू येतं. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर आलेला होता, तेव्हा ही काळजी काहींना खरीच वाटते. पण मुली लेख वाचून ठरवत नाहीत. त्यांनी आपल्या बहिणीचे पहिले सहा महिने जवळून पाहिलेले असतात, आणि दाजी त्या सहा महिन्यांत संध्याकाळी किती वाजता घरी यायचे हेही त्यांच्या लक्षात असतं.

आता कायद्याचं बघू, कारण ‘सहा महिने भरपगारी’ हे या वादातलं शेवटचं अस्त्र असतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. दुरुस्ती चांगली आहे. पण ती दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा आस्थापनांना लागू होते, आणि आपल्या कामकरी बायकांतल्या बहुसंख्य त्या हिशेबात येतच नाहीत: घरकाम करणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या, घरी पापड लाटणाऱ्या, फुलांचा गाळा चालवणाऱ्या. ज्या येतात, त्यांच्या रजेचा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा आहे; त्यामुळे नेमणूक करतानाच ‘लग्न कधी?’ हा प्रश्न विचारला जातो. हा खर्च कुणी उचलावा, हा प्रश्न काही आजचा नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हेच सांगितलं होतं की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही देशाच्या हिताची बाब आहे, आणि म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला; भार मालकावर राहिला, आणि जवळजवळ नव्वद वर्षांनी दुरुस्ती करतानाही तो तिथेच ठेवला गेला. घरभेटींसाठी सरकार स्वतः काय देतं, तर आशाताईने नवजात बाळाच्या घरी सहा-सात खेपा घातल्या की तिला सगळ्या मिळून २५० रुपये. ज्या प्रयोगावरून ही योजना देशभर गेली तो गडचिरोलीचाच: गावातल्याच बाईला शिकवून घरोघरी पाठवलं, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असं बंग दांपत्याने १९९९ साली दाखवलं. बाळंतिणीच्या दारात एक जाणता हात आला तर काय होतं, याचा याहून चोख पुरावा जगात फारसा कुठे नसेल. तो सिद्ध झाल्यावर आपण त्या हाताचा भाव अडीचशे रुपये ठरवला, आणि सहा आठवड्यांनी तो मागे घेतला. त्या भेटींत आईच्या मनाची विचारपूस करायला दहा मिनिटं वाढवावीत, आणि सहाव्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचं भगदाड बुजवावं, यासाठी नवा कायदा लागत नाही.

बापाच्या रजेचं तर कायद्यात नावच नाही. खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस. ते पंधरा दिवस बहुतेक जण बारशापर्यंत संपवतात. म्हणजे घरात आजी, मावशी, सुईणीच्या जागी आलेली मालिशवाली असा सगळा गोतावळा हजर असतो आणि बाळ मुख्यतः झोपलेलं असतं, तेव्हा बापही घरी असतो, मंडप-पेढ्यांचं बघतो आणि रजा संपली म्हणून कामावर जातो. तीन आठवड्यांनी सगळे निघून गेल्यावर बाळ तीन-तीन तास रडायला लागतं, तेव्हा घरात एकटी आई असते. दोन महिन्यांची, चार महिन्यांची पितृत्व रजा मागायला हवी, आणि मागत राहायला हवी. पण तोवर हातात पंधराच दिवस असतील, तर ते बारशाला खर्च करू नयेत. केंद्राच्या नियमात ही रजा बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येते. सासूबाई गावी परतल्या त्या सोमवारपासून तिचा अर्ज टाकायला कुणाची आडकाठी नाही.